फ्रीजरमधला लॅपटॉप आणि गहाळ किल्ली

जुलै २०१८. डेव्ह ली हा यूट्यूबवर लॅपटॉपची परीक्षणं करतो. त्याच्या हातात ॲपलचा नवाकोरा १५ इंची मॅकबुक प्रो आला होता, आत इंटेलची सहा कोअरची (कोअर म्हणजे चिपमधला एक स्वतंत्र मेंदू) कोअर आय-नाइन चिप. त्यानं ॲडोबी प्रीमियर या व्हिडिओ एडिटिंगच्या प्रोग्रॅममध्ये एक व्हिडिओ रेंडरला लावला, म्हणजे एडिट झालेल्या तुकड्यांची एक पक्की फाइल बनवायला लावली. ३९ मिनिटं ३७ सेकंद लागली. तोच व्हिडिओ आदल्या वर्षीच्या, चार कोअरच्या आय-सेव्हन मॅकबुकवर ३५ मिनिटं २२ सेकंदांत झाला होता. म्हणजे दोन कोअर जादा असलेला हा नवा, महागडा गडी थोरल्या भावाच्या सव्वाचार मिनिटं मागे राहिला. मग लीनं नवा लॅपटॉप उचलून चक्क फ्रीजरमध्ये ठेवला आणि तिथंच रेंडर लावलं. २७ मिनिटं १८ सेकंद.

एकाही स्क्रूला हात न लावता बारा मिनिटं वाचली. निदान तिथंच झालं होतं. चिपमध्ये दम होता, पण तिला ज्या घरात राहायला दिलं होतं तिथं वारा लागत नव्हता.

यानंतर आठवडाभरातच ॲपलनं एक सॉफ्टवेअर अपडेट दिलं आणि म्हटलं, दुरुस्त झालं. बऱ्याच जणांनी तेव्हा एक अगदी रास्त प्रश्न विचारला: अपडेट टाकल्यानं पंखा मोठा होतो का? होत नाही. मग नेमकं काय दुरुस्त झालं? आणि एकच अपडेट टाकून एक माणूस खूश, दुसरा चिडलेला आणि तिसरा लॅपटॉप परत करायला निघालेला, असं का?

आधी उष्णतेचं बघू. लॅपटॉपची चिप जेवढी वीज खाते ती जवळजवळ सगळी उष्णता होऊन बाहेर पडते. या आय-नाइनच्या कपाळावर ४५ वॅटचा आकडा होता. जुना पिवळा ४० वॅटचा बल्ब आठवतोय? पेटलेला असताना त्याला हात लावून बघितलेल्या कुणालाही ४० वॅट म्हणजे काय ते वेगळं सांगावं लागत नाही. आता त्याहून थोडी जास्त उष्णता अंगठ्याच्या नखाएवढ्या सिलिकॉनच्या तुकड्यातून निघते, आणि तो तुकडा १५.५ मिलिमीटर जाडीच्या ॲल्युमिनियमच्या डबीत बसवलेला आहे, अशी कल्पना करा. ती उष्णता तांब्याच्या नळ्यांमधून पत्र्याच्या बारीक पात्यांपर्यंत न्यायची आणि दोन चपट्या पंख्यांनी मागच्या फटीतून फुंकून द्यायची, एवढंच यंत्रणेच्या हातात असतं.

त्यात तो ४५ चा आकडाही पुरता खरा नाही. इंटेलच्या हिशेबात तो चिपच्या मूळ वेगासाठी असतो. इथं तो वेग २.९ गिगाहर्ट्झ होता. जाहिरातीत मात्र ४.८ चाही आकडा होता. हा ‘टर्बो’ वेग. तो एखाद्या कोअरला, थोडा वेळ, अंग थंड असेल तोवर मिळतो. सहाही कोअर कामाला जुंपले की तो विसरायचा. यात फसवणूक नाही, पण जाहिरातीतला आकडा बघून पैसे मोजणाऱ्याच्या मनात ४.८ हेच घर करून बसतं. पुढच्या निम्म्या भांडणाचं मूळ इथं आहे.

चिप शंभर अंशांच्या आसपास पोचली की ती स्वतःच स्वतःचा वेग उतरवते. गाडीची रेस कमी करावी तसं. याला थ्रॉटलिंग म्हणतात. हा बिघाड नाही, ही चिपची जीव वाचवण्याची सोय आहे. जड काम लावलं की जवळजवळ प्रत्येक लॅपटॉप थोडंफार थ्रॉटल करतोच, बहुधा तुमचाही. तक्रार करायची ती दोनच गोष्टींची: वेग किती खाली येतो, आणि कसा येतो.

यातला ‘कसा’ जास्त महत्त्वाचा. मॅकबुकचं दुखणंही तिथंच होतं आणि म्हणूनच ते सॉफ्टवेअरनं बरं होऊ शकलं. नव्या आय-नाइनचा आलेख काढला की तो करवतीच्या दात्यांसारखा दिसायचा. चिप सुसाट सुटायची, तापायची, धाडकन खाली यायची, जरा गार झाली की पुन्हा सुसाट. काही चाचण्यांत वेग ०.८ गिगाहर्ट्झपर्यंत आपटत होता. मूळ वेग २.९ असलेल्या चिपला हे शोभणारं नाही.

सिंहगड चढताना पहिल्या वळणापर्यंत पळत सुटणारी पोरं तुम्ही पाहिली असतील. दुसऱ्या वळणावर ती दगडावर बसून धापा टाकत असतात, पुन्हा उठून पळतात, पुन्हा बसतात. एवढ्यात ताकाचा तांब्या घेतलेल्या मावशी एका लयीत, न थांबता, त्यांच्या शेजारून वर निघून जातात. चिपचंही तसंच असतं, आणि इथं ते आकड्यांत दाखवता येतं.

चिपचा वेग वाढवायचा तर तिला व्होल्टेजही वाढवून द्यावं लागतं. वीज लागते ती वेगाच्या पटीत आणि शिवाय व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत. दोन्ही बरोबर वाढली तर ढोबळमानानं वेगाचा घन धरायला हरकत नाही. आता समजा एक चिप निम्मा वेळ ४ च्या वेगानं आणि निम्मा वेळ २ च्या वेगानं चालली. सरासरी ३. खर्च? चाराचा घन ६४, दोनाचा ८, दोन्हींची सरासरी ३६. दुसरी चिप सतत ३ वर चालली. काम तेवढंच, खर्च २७. म्हणजे तेवढ्याच कामासाठी उड्या मारणाऱ्या चिपनं एक तृतीयांश उष्णता जादा काढली, आणि तीही ज्या घरात वारा नाही त्या घरात. प्रत्यक्षातली चिप एवढ्या सरळ गणिताला बसत नाही, पण दिशा हीच. वेग सपाट ठेवला तर त्याच पंख्यात, त्याच नळ्यांत, त्याच पत्र्यात जास्त काम होतं.

हे सपाट ठेवण्याचं काम कोण करतं? फर्मवेअर. म्हणजे मशीनच्या पोटात बसलेलं, ऑपरेटिंग सिस्टिमच्याही खालचं सॉफ्टवेअर. किती तापल्यावर किती वॅट कमी करायचे, पंखा कधी वाढवायचा, टर्बोला किती सेकंद मुभा द्यायची, हे सगळं तिथं ठरतं. चांगला फर्मवेअर दूध तापत ठेवलेल्या आजीसारखा असतो. बुडबुडे दिसायला लागले की गॅस थोडा बारीक करतो. वाईट फर्मवेअर दूध उतू जाईपर्यंत मोबाइल बघतो आणि मग गॅसचं बटणच बंद करतो.

ॲपलकडून काही यायच्या आधीच एका वापरकर्त्यानं यातलं बरंच ओळखलं होतं. त्याचं म्हणणं होतं की चिप स्वतः नव्हे, तिला वीज पुरवणारे व्होल्टेज रेग्युलेटर, म्हणजे मदरबोर्डवरचे चिपशेजारचे भाग, आधी ओव्हरलोड होतात आणि तेच आरडाओरडा करून वेग एकदम पाडतात. त्यानं व्होल्टा नावाच्या एका छोट्या प्रोग्रॅमनं चिपच्या वॅटवर हातानंच मर्यादा घातली. वीज कमी दिली आणि लॅपटॉप जास्त जोरात चालायला लागला. वर केलेलं गणित माहीत नसेल तर ही जादू वाटते. मला तर त्या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात देखणा भाग हाच वाटतो: कंपनीबाहेरचा एक माणूस, एक आलेख, आणि ‘कमी दे म्हणजे जास्त मिळेल’ हा निष्कर्ष.

२४ जुलै २०१८ ला ॲपलनं मॅकओएस हाय सिएराच्या १०.१३.६ आवृत्तीसाठी पुरवणी अपडेट काढलं. निवेदनात म्हटलं होतं की उष्णता सांभाळणाऱ्या यंत्रणेशी संबंधित एक ‘डिजिटल किल्ली’ फर्मवेअरमधून गहाळ होती आणि त्यामुळे जास्त भार आला की वेग खाली जात होता. ज्या ग्राहकांना त्रास झाला त्यांची माफीही मागितली होती. घोळ फक्त आय-नाइनचा नव्हता. १३ आणि १५ इंची, दोन्ही नव्या मॉडेलांना अपडेट होतं. विक्री सुरू झाली होती १२ जुलैला. म्हणजे बरोबर बाराव्या दिवशी औषध आलं. ॲपलकडे वस्तू परत करायची मुदत १४ दिवसांची असते. त्यामुळे पहिल्याच दिवशी लॅपटॉप घेतलेल्या माणसाकडे अपडेट टाकून, तासन्‌तास चाचण्या करून, ठेवायचा की परत करायचा हे ठरवायला दोन दिवस उरले होते. त्या दिवसांतल्या प्रतिक्रियांना जो ताण आहे तो निम्मा या घड्याळाचा आहे.

अपडेटनंतर चाचण्या झाल्या. करवतीचे दाते गेले. लांब पल्ल्याच्या कामात वेग बऱ्यापैकी सपाट राहायला लागला, धाडकन खाली आपटणं थांबलं. दुरुस्ती खरी होती, एवढं निर्विवाद.

आणि तरीही लोक वेगवेगळं बोलत होते. मी या प्रतिक्रिया बराच काळ ‘समाधानी’ आणि ‘असमाधानी’ अशा दोन टोपल्यांत टाकून वाचत होतो आणि काही केल्या मेळ लागत नव्हता. मग लक्षात आलं की आकड्यांवरून भांडण फारसं नाहीच. प्रत्येक जण नव्या आकड्याची तुलना वेगळ्या गोष्टीशी करतोय.

ज्यानं तुलना कालच्या स्वतःच्या लॅपटॉपशी केली तो खूश. कालपर्यंत रडत होता, आज चालतोय. ज्यानं तुलना २०१७ च्या मॉडेलशी केली तोही साधारण खूश, कारण आता नवा पुढे होता. पण ज्यानं तुलना थेट शेजारच्या मॉडेलशी केली, म्हणजे त्याच १५ इंची डबीतल्या आय-सेव्हनशी, तो कपाळाला आठ्या घालून बसला. आय-नाइनसाठी ३०० डॉलर जास्तीचे मोजले होते. डबी तीच, पंखे तेच, उष्णता बाहेर टाकायची ताकद तीच. मग जादाची ताकद वापरायची कुठं? लांब रेंडरमध्ये दोघांच्यात फार अंतर उरत नव्हतं. आणि ज्यानं तुलना जाहिरातीतल्या ४.८ शी केली त्याला तर कुठलंच अपडेट पावलं नसतं.

आणखी एक गट होता, त्याला आकड्यात रसच नव्हता. त्याचं म्हणणं, हे दुकानात यायच्या आधी तुम्ही रेंडर लावून बघितलं नव्हतं का? एका यूट्यूबरला घरात पाऊण तासात सापडलं ते एवढ्या मोठ्या कंपनीच्या प्रयोगशाळेत कसं सापडलं नाही? ‘किल्ली गहाळ’ हा शब्दही या लोकांना टोचला. किल्ली म्हणजे काय, ती कुठं बसते, का राहून गेली, यावर निवेदनात फोड नव्हती. आपल्याकडे ‘फाइल गहाळ झाली’ म्हटलं की ऐकणारा जसा हसतो, तसंच ते हसणं. शिवाय जखम ताजी होती. सातच महिन्यांपूर्वी, डिसेंबर २०१७ मध्ये, जुन्या बॅटरीच्या आयफोनचा वेग सॉफ्टवेअरनं मुद्दाम कमी केला जातो हे ॲपलनं कबूल केलं होतं आणि बॅटरी बदलण्याचा दर ७९ डॉलरवरून २९ वर आणावा लागला होता. त्यामागेही तांत्रिक कारण होतं, जुनी बॅटरी दमली की फोन अचानक बंद पडू नये हे. पण लोकांच्या डोक्यात दोन्ही गोष्टी एकाच खणात गेल्या: सॉफ्टवेअरनं वेग कमी होतो आणि आपल्याला सांगत नाहीत.

काहींनी खापर ॲडोबीवर फोडलं, की प्रीमियरच मॅकवर नीट चालत नाही, ॲपलचं फायनल कट वापरा. त्यात थोडं तथ्य होतं, पण ज्याचा धंदा प्रीमियरवर आहे त्याला हे सांगणं म्हणजे चप्पल चावते तर पाय बदल म्हणण्यासारखं.

आणि एक जुनी, शांत तक्रार होती: इतका पातळ करूच नका. सॉफ्टवेअर कितीही शहाणं झालं तरी डबीतून जेवढी उष्णता बाहेर जाईल तेवढंच काम होईल, मर्यादा पत्र्याची आहे. हे लोक मला सगळ्यात बरोबर वाटतात. नोव्हेंबर २०१९ मध्ये १६ इंची मॅकबुक प्रो आला तेव्हा ॲपलनं स्वतःच सांगितलं की हवेचा झोत २८ टक्के वाढवलाय, हीट सिंक (उष्णता हवेत सोडणारी ती बारीक पाती) ३५ टक्के मोठा केलाय आणि त्यामुळे सतत १२ वॅटपर्यंत जादा भार पेलता येईल. जाडी १५.५ वरून १६.२ मिलिमीटर झाली, वजन १.८३ वरून दोन किलोवर गेलं. १२ वॅट काही फर्मवेअरनं मिळत नाहीत, त्यासाठी धातू लागतो.

थिंकपॅड या लेनोव्होच्या लॅपटॉपवाल्यांची गोष्ट याच सुमाराची आणि जास्त गमतीची. विंडोजऐवजी लिनक्स ही फुकटची ऑपरेटिंग सिस्टिम टाकलेल्या काही थिंकपॅडवर चिप ८० अंशांना पोचली की वेग उतरायचा. त्याच मशीनवर विंडोज असेल तर ही हद्द ९७ होती. म्हणजे थंड होण्याची सोय असूनही लिनक्सवाल्याला ती वापरू दिली जात नव्हती. एका प्रोग्रॅमरनं यावर छोटी स्क्रिप्ट लिहिली. तिचं काम एवढंच: वीज आणि तापमानाच्या मर्यादा वर सरकवायच्या. पण मदरबोर्डवरचा नियंत्रक त्या पुन्हा खाली ओढायचा. म्हणून स्क्रिप्ट दर पाच सेकंदांनी त्या परत वर सरकवते. कूलरचं बटण एकानं लावायचं आणि दुसऱ्यानं गुपचूप बंद करायचं, हे दिवसभर चालावं तसं. इथल्या प्रतिक्रिया मॅकवाल्यांच्या उलट होत्या. कुणी माफीची वाट बघत नव्हतं. आपलं आपण केलं याचा आनंद, आणि मग ‘मांडीवर घेतला की आता चटका बसतो’ ही कबुली. ती मर्यादा कुणीतरी कशासाठी तरी घातलेली असते. मांडी हे त्यातलं एक खरं कारण. काही थिंकपॅडमध्ये तर लॅपटॉप मांडीवर आहे हे ओळखून भार कमी करणारी सोयच असते.

दुरुस्ती काढूनही घेतली जाते. तापणाऱ्या लॅपटॉपवर पुष्कळ जण व्होल्टेज थोडं कमी करण्याचा उपाय करायचे. त्याला अंडरव्होल्टिंग म्हणतात. चिप तेवढ्याच वेगानं चालते, कमी तापते, खर्च शून्य. डिसेंबर २०१९ मध्ये संशोधकांनी दाखवलं की सॉफ्टवेअरनं व्होल्टेज मुद्दाम पाडून इंटेलच्या चिपमधल्या सुरक्षित कप्प्यातली गुपितं काढता येतात. या हल्ल्याला प्लंडरव्होल्ट हे नाव पडलं. इंटेलनं ती वाट बंद करण्याची सोय दिली, कंपन्यांनी बायोसचे, म्हणजे विंडोज लॅपटॉपमधल्या त्या पोटातल्या फर्मवेअरचे, अपडेट काढले आणि बऱ्याच लॅपटॉपवर अंडरव्होल्टिंग कायमचं बंद झालं. ज्यांनी मुकाट्यानं अपडेट टाकलं त्यांचे लॅपटॉप दुसऱ्या दिवशी आठ-दहा अंश गरम. सुरक्षिततेसाठी हे गरजेचं होतं हे त्यांना पटवून सांगून बघा.

आता जरा घरचं. माझा आतेभाऊ अकोल्याला लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो. त्याची लगीनसराई म्हणजे एप्रिल-मे, आणि अकोल्याचा मे म्हणजे ४५ अंश. लॅपटॉप साधा विंडोजचा, कंपनीचं नाव घेत नाही, कारण दोष तिचा नाही. मागच्या मे महिन्यात फोन आला: ‘दादा, अपडेट टाकला, बायोस टाकला, तरी रेंडर सरकूनच नाही राह्यला.’

त्याला मी फ्रीजरचं गणित सांगितलं. चिपची हद्द शंभर अंश धरू. खोलीत २५ असतील तर उष्णतेला बाहेर जायला ७५ अंशांचा उतार मिळतो. खोलीत ४५ असतील तर ५५ चा. उतार कमी तेवढा ओघ कमी, म्हणजे तोच पंखा, तोच लॅपटॉप अकोल्यात साधारण पाव भाग कमी उष्णता बाहेर टाकतो. डेव्ह लीच्या फ्रीजरमध्ये उणे १८ धरले तर उतार ११८ चा होता. बंगळूरच्या एसीत बसून कुणी ‘अपडेटनंतर मस्त चालतोय’ म्हणत असेल तर तो खोटं बोलत नाही, त्याची खोली वेगळी आहे.

मग कंट्रोल पॅनलमधल्या पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० वरून ९९ टक्क्यांवर आणायला सांगितली. एक टक्क्यानं काय होणार असं वाटतं, पण त्यानं बहुतेक इंटेल चिपचा टर्बोच बंद होतो. उड्या थांबतात. छोटी कामं थोडी हळू होतात, पण उन्हाळ्यातल्या लांब रेंडरला हा सौदा बहुधा परवडतो.

गेलो तेव्हा मागचं झाकण उघडलं. पंखा आणि पात्यांच्या मधे राखाडी रंगाची एक गादी बसली होती, चिमटीनं धरून सलग उचलता आली. पाच वर्षांचा मंडप, अक्षता, गुलाल, आणि कूलरच्या गवताचा भुसा, सगळं दाबून बसलेलं. तिच्यापुढं कुठला फर्मवेअर काय करणार! जुना टूथब्रश फिरवला, चिपवरची वाळून खडूसारखी झालेली पेस्ट पुसून नवी लावली, खाली काड्यापेटीच्या दोन रिकाम्या डब्या ठेवून लॅपटॉप उंच केला आणि मी रात्रीच्या गाडीनं परत निघालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातलाच फोन. म्हटलं, रेंडर लवकर झालं असेल, आभार मानतोय.

‘दादा, पंख्याचा आवाजच नाही येऊन राह्यला. बिघडला काय बावा?’